आजोबांचे ढेकूण

“सर, तुमच्या घरी ढेकूण आहेत का?”

हा प्रश्न मी आठवी ‘ब’च्या भरलेल्या वर्गात, बाकावरून उठून, पोतदार सरांना विचारला. पोतदार सर विज्ञान शिकवायचे आणि ते फळ्याकडून वळले की पुढच्या बाकावरची मुलं श्वाससुद्धा जपून घ्यायची. आता दहावीत मला गप्प करायला बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागतं, त्यामुळे हे कुणाला खरं वाटत नाही, पण त्या दिवसापर्यंत वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. तोही एवढा बारीक की अर्धा महिना माझी गैरहजेरी लागलेली असायची.

पैज तस्नीमने लावली होती. मधल्या सुट्टीत डबा खाताना माझी बाही वर सरकली आणि तिला हातावरच्या लालबुंद गांधी दिसल्या.

“डास,” मी म्हटलं.

“डास असे रांगेत बसून जेवत नाहीत,” तस्नीम म्हणाली. “कोमल, बघ गं.”

कोमलने डॉक्टरसारखा माझा हात उलटापालटा केला. “ढेकूण. माझ्या मामाच्या पुण्याच्या खोलीवर होते ना, सेम असेच.” मग तिला हसू फुटलंच. “म्हणजे तुझे बाबा अख्ख्या कराड तालुक्याला कीडनाशक विकतात आणि घरी ढेकूण?”

ते खरं होतं. बाबांचं शेती औषधांचं दुकान आहे. वांग्यातली अळी, उसावरचा मावा, कशावरही लोक बाबांना विचारायला येतात. मी चिडले आणि म्हटलं, “ढेकूण सगळ्यांच्याच घरी असतात. फक्त कुणी सांगत नाही.”

“सगळ्यांच्या? पोतदार सरांच्यापण?”

“असतील.”

“मग विचार. शेवटच्या तासाला. नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं नाव ढेकूणताई.”

आदल्या वर्षीची मी असते तर ढेकूणताई होऊन गप्प बसले असते. पण त्या वर्षी माझ्याकडे आजोबा होते.

आजोबा म्हणजे आईचे वडील, यशवंत खराडे. कोल्हापुरात एका बोर्डिंगचे रेक्टर होते आणि निवृत्त झाल्यापासून तिथेच एकटे राहायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले तेव्हा दारातच आईला म्हणाले होते, “पट्टी निघाली की मी निघालो. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये.” बरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक जाडजूड वळकटी, कारण दुसऱ्याच्या गादीवर त्यांना झोप येत नाही.

पट्टी निघाली, आजोबांनी पेटीही भरली, आणि त्याच सकाळी आईला चादरीवर पहिला ढेकूण सापडला. आजोबांनी तो चष्मा लावून बघितला. वळकटीची शिवण उलगडून बघितली. मग पेटीतले कपडे परत कपाटात ठेवले.

“माझ्या वळकटीतून आलेत,” ते म्हणाले. “बोर्डिंगात आमचा नियम होता. ज्यानं घाण आणली त्यानंच काढायची. हे ढेकूण संपले की मी जातो. तोवर नाही.”

“बरं अण्णा,” आई म्हणाली. ती एवढ्या पटकन “बरं” कधी म्हणत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात ढेकणांविरुद्ध जे काही चाललं होतं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. आधी गाद्यांखाली कडुनिंबाचा पाला. चार दिवसांत पाला वाळून कुरकुरीत झाला आणि कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मग कापूर. घरात सतत आरती चालू असल्यासारखा वास, आणि ढेकूण भाविकांसारखे वाढलेले. मग ओव्याची धुरी, तिचा धूर बघून शेजारच्या काकू धावत आल्या. मग पलंगाच्या चारी पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या. बाबा सकाळी उठले आणि त्यांचा पाय वाटीत. पुढची आमटी त्याच वाटीतून आली आणि तिला फेस होता, असं बाबा म्हणतात. आई हे मान्य करत नाही.

आजोबांची पद्धत ठरलेली होती. या आठवड्यात त्यांची खोली, पुढच्या आठवड्यात हॉल, त्यानंतर आई-बाबांची खोली. शिस्तीत, एकेक. एक खोली झाली की ते हात झटकून म्हणायचे, “इथले गेले.” ते खरंच गेलेले असायचे. पुढच्या खोलीत.

“बाबा, दुकानातून एक बाटली आणा ना,” मी म्हणायचे.

“शेतातली औषधं घरात मारत नसतात.”

“मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.”

बाबा आईकडे बघायचे. आई कणीक मळत म्हणायची, “अण्णा करताहेत ना.” आणि मनगटाने मान खाजवायची.

मला ढेकूण जायला हवे होते, कारण त्यांच्यापायी मी कुणालाच घरी बोलवू शकत नव्हते. पण ढेकूण गेले की आजोबा जाणार होते, आणि ते मला अजिबात नको होतं. कारण आजोबांनीच एका संध्याकाळी मला वर्तमानपत्र हातात देऊन गॅलरीत उभं केलं होतं.

“वाच.”

मी वाचलं.

“काय वाचलंस? मला ऐकू आलं नाही.”

“तुम्हाला कमी ऐकू येतं, आजोबा.”

“मला मुंगी शिंकलेली ऐकू येते. समोरच्या इमारतीत वर्ग भरलाय असं समज. मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू गेलं पाहिजे.”

मी रोज संध्याकाळी गॅलरीतून कांद्याचे बाजारभाव आणि निधनवार्ता समोरच्या इमारतीला ऐकवायला लागले. आधी तिथल्या खिडक्या बंद व्हायच्या. मग एक दिवस समोरच्या पाटणकर आजी ओरडल्या, “लसणाचा भाव परत सांग गं.” आजोबा म्हणाले, “पोचला आवाज.”

तर त्या आवाजात मी पोतदार सरांना विचारलं होतं. मागच्या बाकापर्यंत नीट गेलं. तिथूनच हसण्याची पहिली लाट आली.

सरांनी खडू खाली ठेवला. हसणं जागच्या जागी मेलं. मला वाटलं, आता बाहेर. पण सर टेबलाच्या कडेला टेकले. टेकलेले सर आम्ही कधी पाहिले नव्हते.

“आता नाहीत,” ते म्हणाले. “पण मी बोर्डिंगात होतो ना कोल्हापूरला, तेव्हा होते. काय ढेकूण होते. रात्री पुस्तकावर चालायचे, आम्ही त्यांना स्वल्पविराम समजायचो.”

आता वर्ग मोकळेपणाने हसला. कोमलसुद्धा.

“मग आमचे नवे रेक्टर आले. त्यांनी पहिल्या सहामाहीनंतर एकाही मुलाला घरी जाऊ दिलं नाही. म्हणाले, ढेकूण तुमच्याबरोबर गावोगाव जातील, आधी ते संपवा. अंगणात चुली पेटवल्या आणि सगळ्या लोखंडी खाटा बाहेर काढून सांध्यासांध्यात उकळतं पाणी. सगळे कपडे उकळले. गाद्या उसवून कापूस पिंजून घेतला. भिंतीच्या भेगा चुन्याने लिंपल्या. आणि महत्त्वाचं काय, तर सगळ्या खोल्या एकाच दिवशी. एकेक खोली करत बसलं तर ढेकूण मरत नाहीत, फक्त खोली बदलतात. पंधरवड्यानं अंडी फुटतात म्हणून सगळं पुन्हा एकदा. त्यानंतर बोर्डिंगात ढेकूण दिसला नाही. आम्ही त्या सरांना पाठीमागे ‘वाफ’ म्हणायचो. आले की म्हणायचं, वाफ आली रे.”

“त्यांचं नाव काय होतं, सर?” मी अजून उभीच होते.

“खराडे सर.”

मी बसले. तस्नीमने कानात विचारलं, “काय झालं? जिंकलीस की.” माझ्या डोक्यात एकच चालू होतं. या आठवड्यात त्यांची खोली. पुढच्या आठवड्यात हॉल. आमचे आजोबा ढेकूण मारत नव्हते, फिरवत होते.

घरी आले तर आजोबा बाहेर पडायच्या तयारीत. टोपी, काठी आणि खिशात काडेपेटी.

“चल, प्रीतिसंगमावर जाऊन येऊ. आज शेवटचा उपाय. काडेपेटीत चार ढेकूण घातलेत. वाहत्या पाण्यात सोडायचे, म्हणजे घरातले बाकीचे त्यांच्या मागोमाग जातात.”

“बाकीच्यांना कळणार कसं?”

“जुना उपाय आहे. कळतं.”

आई दारात उभी होती. “जाऊन या, अण्णा,” ती म्हणाली. “माझी आत्याही करायची असं.” आणि आजोबांच्या खांद्यावरचा उपरण्याचा काठ सारखा केला.

प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. आजोबांना ती जागा फार आवडायची. आम्ही पायऱ्यांवर बसलो. खालच्या पायरीवर एक बाई कळशी घासत होती आणि दोन मुलगे पाण्यात उतरायचं की नाही यावर भांडत होते. आजोबांनी काडेपेटी पाण्यावर ठेवली. ती थोडी पुढे गेली, वळली आणि परत पायरीला येऊन लागली. त्यांनी काठीने ढकलली. परत आली.

“त्यांना जायचं नाहीये,” मी म्हटलं.

“दिसतंय.”

“आजोबा, वाफ म्हणजे कोण?”

काठी पाण्यात तशीच राहिली. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याकडेच बघत म्हणाले, “कोण भेटला तुला?”

“पोतदार सर.”

“पोतदार. कानडी हेल होता, खाटेखाली चिवडा लपवायचा. तोच का?” मग ते हसले, पण लगेच थांबले. “सगळं सांगितलं वाटतं.”

“सगळ्या खोल्या एकाच दिवशी. पंधरवड्यानं परत.”

“हं.”

“मग तुम्ही कापूर का लावत होता?”

त्यांनी काडेपेटी उचलली, पाणी झटकलं आणि हातात धरून बसले. आत काही हलतंय का, हे ऐकत असल्यासारखे.

“माझे सासरे,” ते म्हणाले, “तुझ्या आईचे आजोबा. पोरीला भेटायला सात कोस चालत यायचे. पिशवीत शेंगा, गूळ, काय असेल ते. दारात उभं राहून पिशवी द्यायचे आणि तसेच माघारी. आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत कधी. लेकीच्या घरचं खायचं नाही, असं होतं. मी तरुण होतो, मनात म्हणायचो, किती अडाणी. आता माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं की ते माझ्याही अंगात मुरलंय.”

“पण तुम्ही तर आमच्याकडे जेवता.”

“कामावरचा माणूस जेवतो. कुणाकडे काम असलं तर तिथं राहता येतं, इरा. काम नसताना राहिलं की पाहुणा, आणि पाहुणा लांबला की भार.” मग म्हणाले, “पट्टी निघाली त्या दिवशी मी पेटी भरली होती. कोल्हापूरच्या खोलीची किल्ली हातात होती, आणि पाय उचलत नव्हता. तिथं दिवसभर कुणी हाक मारत नाही गं. तेवढ्यात तुझ्या आईला तो ढेकूण सापडला.” ते परत हसले. “इतका आनंद मला ढेकूण बघून कधी झाला नव्हता.”

मी त्यांच्या हातातल्या काडेपेटीकडे बघितलं. “आईला माहितीये?”

“काय?”

“वाफ. उकळतं पाणी. ती तर बोर्डिंगातच वाढली ना?”

“रेक्टरच्या क्वार्टरमध्ये. चुलीवरच्या बादल्या तिची आई नि ती भरायच्या.” त्यांनी मान हलवली. “लहान होती. विसरली असेल.”

पण माझी आई काही विसरत नाही. कोणत्या काकूंनी कोणत्या हळदीकुंकवाला आमचा कुठला डबा नेला, हे ती आजही सांगते.

घराच्या गेटपाशी आल्यावर आजोबा म्हणाले, “आता तुला कळलं म्हणजे संपलं. उद्या करून टाकू सगळं एका दिवसात, आणि परवाची गाडी पकडतो.” काडेपेटी त्यांच्या खिशातच होती. दारात चपला काढून ते पाय धुवायला मोरीत गेले आणि नळ सुरू झाला.

मी सरळ स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती, बाबा दुकानातून येऊन चहा पीत बसले होते.

“आई, बोर्डिंगातले ढेकूण कसे घालवले होते गं?”

आईचा हात भाकरीवर थांबला. बाबांनी कप खाली ठेवला आणि आईकडे बघितलं.

“कुणी सांगितलं?” आईने विचारलं.

“आधी तू सांग, तुला आठवतं का?”

“न आठवायला काय झालं,” आई पीठ सारखं करत म्हणाली. “बादलीने पाय भाजला होता माझा. डाग आहे अजून.”

“मग तू आजोबांना सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? अण्णा, तुम्हाला येतं ते करा आणि जा?” तिने भाकरी तव्यावर टाकली, जरा जोरातच. “कडुनिंब संपला तेव्हा मला विचारायला आले, आता काय करू? मीच म्हटलं, कापूर करून बघा. कापराने डाससुद्धा जात नाही. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. ते म्हणाले, छान सुचवलंस.” तिने मनगटाने डोळे पुसले आणि पीठ कपाळाला लागलं. “धूर जातो डोळ्यात.”

गॅसवर धूर नव्हता.

“आणि बाबा, तुम्ही?”

बाबांनी दंड खाजवला. “मी जावई. मी ‘राहा’ म्हटलं तर त्यांना वाटणार, जावई उपकार करतोय. मी औषध आणलं तर त्यांना वाटणार, जावई हाकलतोय. दुकानात माल पडलाय एवढा, पण याच्यावरचं औषध कुठल्या कंपनीने काढलंय? म्हणून मी आपलं गप्प बसून खाजवत राहिलो.”

म्हणजे घरात तिघंही मोठी माणसं शुद्धीवर, सगळं माहीत असून, महिनोन् महिने ढेकणांना रक्त पाजत होती. मी एकटी खरीखुरी चावून घेत होते. खरं तर मला राग यायला हवा होता, पण आईच्या कपाळावर पीठ होतं, आणि बाबांच्या दंडावर माझ्यासारखीच गांध.

“ते परवा जाणार म्हणतायत,” मी सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आईने ती उलटली नाही. बाबा उठून उभे राहिले, मग कुठे जायचं ते न कळून परत बसले. मोरीत नळ चालू होता, आणि आजोबांना पाय धुवायला एवढा वेळ कधी लागत नाही.

मग मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, तोंड आई-बाबांकडे आणि पाठ मोरीकडे.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. आवाज गॅलरीतला लावला होता, पाटणकर आजींच्या खिडकीपर्यंत जाणारा. “रविवारी सगळ्या खोल्या एकाच दिवशी करायच्या. बाबा चुलीसाठी लाकडं आणतील, गच्चीवर पाणी तापवायचं. तस्नीम आणि कोमलला मी बोलावणार आहे, त्यांना सगळं सांगून. पंधरवड्यानं परत एकदा.”

“इरा, हळू,” आई म्हणाली.

“आणि रविवारी माझा पलंग उचलून आजोबांच्या खोलीत ठेवायचा. मला रोज संध्याकाळी वाचायचं असतं आणि ऐकायला माणूस लागतो. एका खोलीत आम्ही दोघं म्हटल्यावर पाहुणा कोण, ते आमचं आम्ही बघू.”

मागे नळ बंद झाला.

“तर रविवारी ढेकूण जाणार,” मी आई-बाबांना सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, “आणि आजोबा जाणार नाहीत.”